पारडी बदलून बघणारा माणूस

मामांना कुणी सहज "आज उकडतंय" म्हटलं, तर मामा आधी त्याच्या कपाळाकडे बघतात. घाम दिसला तर "हो ना" म्हणतात. कपाळ कोरडं असेल तर हा माणूस काही तरी मागायला आलाय असं धरून चालतात. आणि सांगायला वाईट वाटतं, पण बहुतेक वेळा तो आलेलाच असतो.

हा दोष मामांचा नाही, धंद्याचा आहे. मामा वजनकाटे दुरुस्त करतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची खोली आहे. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरून बोलायचं, एवढी ऐसपैस. भिंतीवर दांड्या, साखळ्या, स्प्रिंगा आणि पोट उघडं पडलेले काटे टांगलेले. टेबलावर एक लाकडी पेटी, तिच्यात मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं. ही वजनं हाताने उचलायची नाहीत. बोटाचा घाम लागला की तेवढं वजन वाढतं, म्हणून चिमट्याने उचलायची. लहानपणी मी त्यातलं सगळ्यात छोटं वजन एकदा बोटांनी उचललं होतं. मामांनी मला मारलं नाही. त्यांनी ते वजन माझ्यासमोर पुसलं, तोललं, परत पुसलं, परत तोललं, आणि माझ्याकडे असं काही बघितलं की मीच म्हणणार होतो, मामा, एक थोबाडीत द्या आणि विषय संपवा.

काटा खरा की खोटा हे ते दोनदा बघतात. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल. दांडी सरळ राहिली की बाकीचे लोक "झालं" म्हणतात. मामा म्हणत नाहीत. ते मालाच्या जागी वजन ठेवतात, वजनाच्या जागी माल. आता दांडी कलली तर काटा लबाड. "एका बाजूने बघितलं तर सगळेच सज्जन," असं ते गिऱ्हाइकाला ऐकवतात, तेही गिऱ्हाइकाकडे टक लावून.

हीच पद्धत ते घरीही वापरतात. डॉक्टरने तपासून गोळ्या दिल्या की मामा दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, त्याच्यासमोर गोळ्या ठेवतात आणि विचारतात, "यावरून मला काय झालंय ते सांगा." दोन डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात यायला मनाई केली आहे. तिसरा सांगतो, पण त्याच्यावर मामांचा विश्वास नाही. फार पटकन सांगतो म्हणे.

अशा माणसाच्या मुलीला राज्यशास्त्र शिकायचं होतं.

ती माझी मामेबहीण, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. घरात तिला वकीलबाई म्हणतात, कारण तीन वर्षांची असताना झोपायची वेळ झाली हे मान्य करायला तिने घड्याळ खाली काढून दाखवायला लावलं होतं. पुढे ती वकिलीच करणार हे आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिने राज्यशास्त्र जाहीर केलं तेव्हा मामीने लाटणं खाली ठेवलं.

"राजकारण शिकायला विद्यापीठ कशाला लागतं?" मामा म्हणाले. "आपल्या व्यापारी संघाच्या निवडणुकीला उभी राहा. पंधरा दिवसांत सगळं कळेल."

"राजकारण नाही बाबा, राज्यशास्त्र."

"फरक काय?"

"तुमच्या काट्यावर निरीक्षक दरवर्षी शिक्का मारतो ना? तो अधिकार त्याला कोणी दिला, आणि ज्याने दिला त्याला कोणी दिला, हे शिकवतात."

मामांनी आधी दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "आणि काढून कसा घ्यायचा?"

"तेही असतं. तिसऱ्या सत्रात."

त्या दिवसापासून विषयाला मामांची हरकत राहिली नाही. निरीक्षकाशी त्यांचं अकरा वर्षं बिनसलेलं आहे.

हरकत राहिली ती विद्यापीठांना. जागा दोन ठिकाणी मिळाली होती. एक नवं विद्यापीठ, शहराबाहेर, काचेचं. एक जुनं, शहराच्या मधोमध, जिन्यांचं. दोन्हीकडचे अर्ज पालकाच्या सहीशिवाय अपुरे, आणि दोन्हीकडे मुदत एकच, शुक्रवारी दुपारी बारा. बारानंतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार आणि वकीलबाईंचं एक वर्ष घरी बसून.

तिला कुठे जायचं होतं हे तिने सांगितलं नाही. यात तिची हुशारी होती. ज्याचं नाव घेऊ ते मामा आधी खोटं पाडतील, हे तिला पक्कं माहीत होतं. पण गप्प बसण्यातही धोका होताच.

"पोरगी गप्प आहे," मामा मला म्हणाले. "जन्मल्यापासून कधी गप्प नव्हती. म्हणजे काही तरी आहे."

रविवारी त्यांनी दोन्ही माहितीपत्रकं दुकानात आणली आणि तोलली. खरंच तोलली. नव्या विद्यापीठाचं सहाशे चाळीस ग्रॅम भरलं, जुन्याचं नव्वद.

"साडेपाचशे ग्रॅमचा फरक," ते म्हणाले. "हा कशाचा? माहितीचा की कागदाचा?"

"कागद जाड आहे मामा. फोटो आहेत."

"म्हणजे भेसळ."

ते जुन्याचं माहितीपत्रक चिमट्याने उलटत होते, पुराव्याचा कागद असल्यासारखं. आणि त्यातून बसची तिकिटं खाली पडली. तीन. मामांनी ती ओळीने मांडली, चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा निरीक्षक आल्यावर होतो तसा झाला. तिन्ही तिकिटं जुन्या विद्यापीठाच्या थांब्याची. तिन्ही बुधवारची. आणि गेले तीन बुधवार वकीलबाई मैत्रिणीकडे अभ्यासाला गेल्या होत्या. निकाल लागून महिना झाल्यावर अभ्यास कसला, हा प्रश्न मामांना तेव्हाच पडला होता, पण ते पुराव्याची वाट बघत होते.

"कोण आहे तो?" मामांनी मला विचारलं.

"कोण तो?"

"तू त्याला ओळखतोस. तुझ्या तोंडावरून कळतंय."

"माझं तोंड असंच आहे मामा, लहानपणापासून."

"ते मी तुझ्या आईला पूर्वीच सांगितलं होतं," मामा म्हणाले आणि तिकिटं शर्टाच्या खिशात ठेवली. मामीला सांगायचं नाही, पोरीला विचारायचं नाही, बुधवारी आपण दोघांनी जायचं, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. मी कुरिअरच्या हपिसात रजा टाकली आणि कारण लिहिलं 'घरगुती', जे खोटं नव्हतं.

बुधवारी सकाळी आधी नवं विद्यापीठ केलं. मामांच्या एका खिशात तिकिटं, दुसऱ्या खिशात पुडीत गुंडाळलेलं दोनशे ग्रॅमचं पितळी वजन. ते वजन सगळीकडे त्यांच्याबरोबर असतं, लोक रुमाल बाळगतात तसं.

दारातच टाय लावलेल्या एका तरुणाने आमचा ताबा घेतला. त्याने आम्हाला थंडगार दालनं दाखवली. राज्यशास्त्राच्या मुलांसाठी एक छोटं संसदगृह होतं, लाल मखमली खुर्च्यांचं. मामांनी एका खुर्चीवर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं.

"इथे काय वाईट आहे?" त्यांनी विचारलं.

"सॉरी?"

"चांगलं तुम्ही सांगितलंत. वाईट काय?"

"वाईट असं काहीच नाही, सर."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

मामांनी वहीत लिहून घेतलं. मग बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आता तू जा. तू इथला विद्यार्थी आहेस. तुला नाव काढून घ्यायचंय."

"मी? माझे केस बघा मामा, निम्मे गेलेत."

"म्हणूनच. फार दिवस शिकतोयस."

मी गेलो. तोच तरुण होता, तोच टाय होता. मी नाव काढून घ्यायचं म्हटलं आणि त्याचं हसू दिवा मालवल्यासारखं गेलं. मघाशी आपण तासभर भेटलो होतो हेही त्याच्या ध्यानात नव्हतं. "ती खिडकी मागच्या बाजूला," तो म्हणाला. "मंगळवारी उघडते. येताना चार प्रती आणा."

मी हे सांगितलं तेव्हा मामांचा चेहरा खुलला. पारडं बदललं आणि दांडी कलली होती. नवं विद्यापीठ बाद होणार असं मला वाटलं. पण परत निघताना त्यांना टपाल विभागाचं दार उघडं दिसलं आणि आत टेबलावर पाकिटं तोलायचा काटा. मामा त्याच्याकडे असे गेले की जणू परक्या गावात मावशी भेटली. काटा कोरा होता, प्लॅस्टिकचं वेष्टनही काढलेलं नव्हतं. मामांनी वेष्टनावरूनच दोनशेचं वजन ठेवलं. आकडा आला दोनशे दोन.

"दोन ग्रॅम प्लॅस्टिकचे," मामा पुटपुटले. "चोख आहे." आणि मग बसमध्ये अर्धा तास वहीतलं पान उलटसुलट करत बसले.

जुन्या विद्यापीठात आम्हाला कुणी ताब्यात घेतलं नाही. रखवालदाराने वर्तमानपत्रातून डोकं न काढता जिना दाखवला. खिडकीवरच्या बाईंना मामांनी प्रवेशाचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "रांगेत या." दहा मिनिटांनी मी नाव काढून घ्यायचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "रांगेत या."

"दोन्हीकडून सारखंच," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात नाइलाजाचा आदर होता.

राज्यशास्त्र विभाग तिसऱ्या मजल्यावर. वर्गाच्या दारावर एक कागद चिकटवला होता, 'बुधवारचा तास सर्वांसाठी खुला'.

"सर्वांसाठी खुला," मामांनी मोठ्याने वाचलं. "आत काही तरी विकत असणार." आणि दार बोटभर ढकलून डोळा लावला.

त्यांची पाठ ताठ झालेली मला दिसली. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. शेवटच्या रांगेत वकीलबाई बसल्या होत्या.

मामांनी तिच्याकडे एकच क्षण बघितलं. मग तिच्या डावीकडे बघितलं. डावीकडे एक मुलगा होता, गाढ झोपलेला, तोंड उघडं. उजवीकडे रिकामी खुर्ची. मामांची नजर त्या झोपलेल्या मुलावर परत गेली, त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत तोललं आणि सोडून दिलं. हा 'तो' असूच शकत नाही, एवढा विश्वास त्यांना मुलीच्या पसंतीबद्दल होता.

"दारातल्यांनो," फळ्याजवळच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, "आत या किंवा बाहेर जा. वारा येतोय, कागद उडतायत."

आम्ही आत गेलो. मामा मुलीच्या उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. बाप-लेक समोर बघत बसले, आणि मी त्यांच्या मागे भिंतीला टेकून, कारण चौथी खुर्ची नव्हती.

विषय चालला होता की नियम पाळले जातात की नाही हे बघायला माणूस नेमला, तर त्या माणसावर नजर कोणी ठेवायची. बाई विचारत होत्या, मुलं उत्तरं देत होती, आणि प्रत्येक उत्तराला बाई उलटा प्रश्न घालत होत्या. पंधरा मिनिटं मामांनी कळ काढली. मग त्यांचा हात वर गेला. मी डोळे मिटले.

"आमच्याकडे निरीक्षक येतो," मामा म्हणाले. "त्याच्याकडे प्रमाणवजनं असतात. ती सरकार तपासतं. सरकारची वजनं कोण तपासतं?"

झोपलेला मुलगा जागा झाला.

"यावर दोन मतं आहेत," बाई म्हणाल्या. "एक वरवर जाणारं, एक खालून येणारं. दोन्हींत भोकं आहेत. मला स्वतःला अजून पटेल असं उत्तर सापडलेलं नाही."

"माहीत नाही म्हणतायत?" मामांनी मला मागे वळून विचारलं, कुजबुजीच्या नावाखाली सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माहीत नाही म्हणतेय," बाईच म्हणाल्या.

तास संपल्यावर बाहेरच्या ओट्यावर चौकशी बसली. मामांनी तिकिटं काढून ओळीने मांडली.

"खोटं का बोललीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही आधी येऊन हे विद्यापीठच बाद केलं असतं," वकीलबाई म्हणाल्या. "मी पहिल्या बुधवारी आले तेव्हा तास भारी झाला. मला वाटलं, आज मुद्दाम चांगला घेतला असेल. म्हणून परत आले. दुसरा कंटाळवाणा होता. म्हणून तिसऱ्यांदा आले, आणि आज चौथ्यांदा."

"आजचं तिकीट?"

तिने खिशातून काढून दिलं. मामांनी तारीख बघितली, चौथं तिकीट तिघांच्या ओळीत ठेवलं, आणि मला वाटलं की सुटलो. सही इथेच होणार, घरी जाऊन जेवायचं.

पण आवक-जावक विभाग वाटेत होता.

तिथला काटा जुना, तबकडीचा. काच तडकलेली, ताटलीखाली पाकिटांचे तुकडे घुसलेले. मामांनी पुडी सोडली, वजन ठेवलं. काटा दोनशे चाळीसवर गेला. त्यांनी ताटलीच्या चारी कडांना वजन ठेवून बघितलं. चारीकडे दोनशे चाळीस.

"किती वर्षं?" त्यांनी टेबलावरच्या कारकुनाला विचारलं.

"काय किती वर्षं?"

"चाळीस ग्रॅम किती वर्षं जास्त दाखवतोय हा?"

"मी लागलो तेव्हापासून असाच आहे," कारकून म्हणाला. "आम्ही मनातल्या मनात चाळीस वजा करतो."

मामांचा चेहरा मी आजवर असा बघितला नव्हता. त्यांनी वजन पुडीत बांधलं आणि चालू लागले. फाटकाबाहेर येऊन म्हणाले, "जिथे पाकिटाचं वजन खोटं, तिथे पदवी खरी कशावरून? नवं विद्यापीठ. ठरलं."

वकीलबाई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती बसमध्ये खिडकीला डोकं लावून बसली आणि थांबा आला तेव्हा मला हाताने हलवून सांगावं लागलं.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर नव्याचा अर्ज होता आणि शेजारी पेन. सही मात्र झाली नव्हती. मामा पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. मामीने मला डोळ्यांनी सांगितलं, तू बोलू नकोस.

"बाबा," वकीलबाई म्हणाल्या, "एक विचारू?"

"विचार."

"नव्याचा काटा चोख निघाला. त्याच्यावर वेष्टन होतं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. हे तिला मी सांगितलं होतं, आणि आता तेही त्यांना कळलं.

"होतं."

"म्हणजे त्याच्यावर आजवर एकही पाकीट तोललेलं नाही. न वापरलेला काटा चुकेल कसा?"

मामांनी टोपण परत काढलं.

"तुमच्या दुकानात येणारा एक तरी काटा चोख येतो का? तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगता, रोज माल पडला की स्प्रिंग सैल होणारच, त्यात लाज कसली, आणून देत जा. मग त्यांना का लाज? आणि ते लपवत नाहीत. मनात वजा करतात."

"मनात वजा करणं हा गुन्हा आहे," मामा म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

"मान्य. आता हे बघा." तिने दोन कागद पुढे सरकवले. "नव्याच्या माहितीपत्रकात राज्यशास्त्राचे बारा विषय आहेत. आणि हे त्यांचं तीन वर्षांचं परीक्षेचं वेळापत्रक, त्यांच्याच फलकावरून उतरवलंय. विषय शिकवला तर परीक्षा होणार ना? मोजा तुम्हीच."

मामांनी बोटाने ओळ धरली. पाच विषय. परत मोजले, या वेळी खालून वर. पाचच.

"उरलेले सात?"

"वेष्टनात."

मामी हसली आणि लगेच भांडी उचलायला लागली. मामा हसले नाहीत. "जुन्यात किती?" त्यांनी विचारलं.

"माहितीपत्रकात आठ. परीक्षा सातांच्या. आठव्या विषयाचे सर वारले, जागा भरलेली नाही. विचारलं तर त्यांनी सांगितलं."

"आणि हे तू फलकावरून उतरवायला गेलीस कधी?"

"एका सोमवारी."

"सोमवारचं तिकीट कुठाय?"

"टाकून दिलं. सगळीच तिकिटं कोण सांभाळतं?"

मामांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. त्या बघण्यात शंका होती, आणि मला वाटतं थोडा अभिमानही होता, पण तो ते कबूल करणार नाहीत. पेनाला टोपण लावून ते उठले आणि आत जाऊन झोपले. सही कशावरच झाली नाही.

शुक्रवारी साडेदहाला त्यांनी मला फोन केला. "जुन्या विद्यापीठात ये. हात लागेल."

मी पोहोचलो तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. वकीलबाई खिडकीच्या रांगेत, हातात जुन्याचा अर्ज, सहीची जागा कोरी. आणि मामा आवक-जावक विभागात. काटा उलटा पडलेला, पोट उघडं, टेबलभर स्क्रू. कारकून बाजूला उभा राहून हात चोळत होता.

"साहेबांची परवानगी लागेल हो," तो म्हणत होता.

"घेऊन या. तोवर होतंय."

"बाबा," रांगेतून हाक आली, "पुढे सातच जण आहेत."

"आलो."

मामांनी मला ताटली धरायला लावली. स्प्रिंग काढून पुसली, खालचे पाकिटांचे तुकडे चिमट्याने एकेक वेचले, एक पेच पाव फिरवला, परत पाव मागे घेतला. पावणेबारा. कारकून साहेबांना घेऊन आला आणि साहेबही हात चोळत उभे राहिले. मामांनी वजन ठेवलं. दोनशे. चारी कडांना ठेवलं. दोनशे, दोनशे, दोनशे, दोनशे.

"आता वजा करू नका," त्यांनी कारकुनाला बजावलं. "सवय जाणार नाही लवकर. भिंतीवर लिहून ठेवा."

"बाबा, दोघेच!"

मामा धावले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा धावताना बघितलं. त्यांनी अर्ज घेतला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, मग शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत. मागची मुलं कुरकुरायला लागली. खिडकीवरच्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच "रांगेत या" शिवाय काही तरी बोलल्या. "काका, सहा मिनिटं."

त्यांनी सही केली. वरच्या खिशातून चिमटा काढला आणि अर्ज चिमट्याने कोपऱ्यात धरून खिडकीतून आत दिला. बाईंनी तो चिमट्यातून सोडवून घेतला आणि शिक्का मारला. मी मामांच्या बोटांकडे बघितलं. ओली होती.

आम्ही बाहेर ओट्यावर आलो. झाडाखाली बरं वाटत होतं, वारा होता. वकीलबाई पावती घडी घालून ठेवत होत्या. मामा बोटं पँटला पुसत जरा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "आज उकडतंय."

तिने त्यांच्या कपाळाकडे बघितलं. कोरडं होतं.

"काय हवंय बाबा?"

"काही नाही." मामांनी पुडी एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकली. "तो बुधवारचा तास. सरकारची वजनं कोण तपासतं, त्याचं त्या बाईंना पुढे सापडलं की नाही. मागच्या रांगेत बसेन. बोलणार नाही."

वकीलबाईंनी डोळे बारीक केले. अगदी मामांसारखे.

"कशाला?" ती म्हणाली. "खरं सांगा."